सहाला घरी जाणाऱ्या मावश्या

तिला सगळे कंडक्टरीण म्हणतात. ती स्वतः कधी बसमध्ये नोकरीला नव्हती. कंडक्टर होता तिचा नवरा. एका सकाळी ड्यूटीवर निघताना बुटाच्या नाड्या बांधायला तो वाकला आणि परत उठलाच नाही. त्याची शिट्टी तेवढी हिच्या गळ्यात आली. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. अठरा मुलं या दोन खुणांवर दिवसभर चालतात. माझ्या घरी एक मूल आहे, आणि ते दहा हाकांवरही चालत नाही.

हे पाळणाघर सुरू झालं पेन्शनच्या कचेरीत. नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनचे कागद घेऊन कंडक्टरीण बाकावर बसली होती. शेजारी त्याच कामासाठी आलेल्या आणखी दोघी होत्या. एक शिवणकाम करणारी. दुसरी इस्पितळात मदतनीस होती. समोर दिसेल त्या पोराच्या कपाळाला हात लावायची तिला सवय आहे, म्हणून तिचं नाव थर्मामीटर पडलं. त्याच खिडकीसमोर आईबाप गेलेली पोरं घेऊन कुणाचे आजोबा, कुणाचा मामा, कुणाची आत्या उभे असत. त्यांनाही कागदच करायचे होते. मोठी माणसं रांगेत आणि पोरं फरशीवर. चौथ्या खेपेला कंडक्टरणीनं शिट्टी मारली, दोन बाकं समोरासमोर लावली आणि पोरांची बस केली. साहेब आतून ओरडले, "हे काय चाललंय?" ही म्हणाली, "पुढे सरका साहेब, मागे जागा नाही." वर्षभरात तिघींनी मिळून सायकलदुरुस्तीचं बंद पडलेलं दुकान घेतलं. दोन खोल्या, मागे मोरी आणि संडास. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत तेलाचे डाग अजून आहेत. त्यांच्यावर रंग बसत नाही, म्हणून तिथे खुंट्या ठोकल्या आहेत, एकेका मुलाची एकेक.

मी तिथे गेले ती माझ्या मुलीसाठी जागा मागायला. आमचं जुनं पाळणाघर बंद पडलं होतं आणि माझी झोप उडाली होती.

"पोरीला आई आहे ना?" कंडक्टरणीनं विचारलं.

"आहे म्हणजे, मीच."

"मग जागा नाही. पुढची गाडी बघा."

मी वळले तर मागून म्हणाली, "लिहिता येतं का चांगलं?"

"कॉलेज झालंय माझं."

"कॉलेजवाल्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं असतं. दाखवा बरं."

अक्षर पास झालं. तेव्हापासून रोज सकाळी दोन तास मी तिथल्या नोंदी लिहिते, अर्ज लिहिते, आणि तेवढा वेळ माझी दोन वर्षांची मुलगी तिथे खेळते. पहिल्याच दिवशी मला नियम सांगण्यात आला. इथे कुणी कुणाची आई होत नाही. सगळ्या मावश्या. एखाद्या पोरानं आई म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. त्यानं मावशी म्हणेपर्यंत थांबायचं, किंवा जवळ जाऊन त्याला नावानं बोलवायचं.

"का?" मी विचारलं. मला हे फार कठोर वाटलं होतं.

"आम्ही सहाला घरी जातो," ती म्हणाली. "एक आई एकदा गेली. आता रोज संध्याकाळी सहाला जाणारी आई कशाला हवी पोरांना?"

"आणि माझी मुलगी मला हाक मारेल तेव्हा?"

"ओ द्या. पण हळू."

नियम मोडणारीला शिक्षा होती. आठ दिवस घरी बसायचं. दोन वर्षांपूर्वी शिवणमावशीनं एका तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन ओ दिली होती. कंडक्टरणीनं तिला त्याच संध्याकाळी सांगितलं, "उद्यापासून आठ दिवस नको." शिवणमावशी रडली, भांडली आणि आठ दिवस घरी बसली.

मुंगी साडेचार वर्षांची आहे. तिचे आईबाप एकाच अपघातात गेले, त्याला दोन वर्षं झाली. ती आत्याकडे राहते. आत्या तिशीच्या आतली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, लग्न झालेलं नाही. मुंगी बोलते भरपूर, पण आत्याला हाक मारत नसे. काही हवं असलं की ओढणी ओढायची, फार तर "ए" म्हणायची. मुंगी हे नाव पडलं कारण तिच्या मुठीत रोज काहीतरी असायचं. सेफ्टी पिन, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, केसांचा चिमटा. दिवसभर ते घेऊन इकडून तिकडे. थर्मामीटरमावशी म्हणायची, "सापडेल ते गोळा करते. आहेच मुंगी!"

त्या सोमवारी काय झालं ते मी कंडक्टरीण आणि आत्या, दोघींकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं, आणि दोन्हीकडून सारखंच ऐकलं. दुपारचे चार वाजले होते. कंडक्टरीण मोरीत पोरांचे पेले घासत होती, कोपरापर्यंत फेस. मागून संडासातून हाक आली, "आई, झालं!"

"ओ, आले गं!" कंडक्टरीण म्हणाली.

तिला स्वतःचा मुलगा आहे, तिकडे दूर नोकरीला. त्याच्या वेळी वीस वर्षं आई ही हाक तिनं ऐकली आहे. हात कामात असले आणि हाक पाठीमागून आली की तोंड डोक्याला विचारत नाही. कुठल्याही बाईला विचारा. समोरून हाक आली असती तर तिनं नक्कीच ओ दिली नसती.

ती फेसाचे हात झटकत वळली, तर दारात आत्या उभी. कारखान्यातलं मशीन बिघडलं म्हणून तिला लवकर सोडलं होतं. मुंगीला आज आपण लवकर नेऊ, म्हणून ती धावत आली होती.

"तुम्हीच सांगितलं होतं ना मला," आत्या म्हणाली, "इथे कुणी आई होत नाही म्हणून?"

"चुकलं."

"चुकलं म्हणजे?"

"म्हणजे चुकलं."

"दोन वर्षं रात्री तीन-तीनदा उठते मी तिच्यासाठी. मला ए म्हणते ती. ए! आणि इथे..." तिनं मुंगीला धुतलं, चड्डी घातली, खुंटीवरची पिशवी उचलली आणि निघाली. मंगळवारी मुंगी आली नाही.

आता एक गोष्ट मला सांगायलाच हवी. मुंगीला ही हाक नवी होती. माझी मुलगी रोज सकाळी त्याच संडासातून "आई, झालं!" म्हणून ओरडते आणि मी पळत जाते. हळू ओ द्यायचं मी कधीच विसरले होते. मुंगी दाराशी उभी राहून ते बघत असे. हाक मारली की कुणीतरी धावत येतं, हे तिनं तिथे पाहिलं. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही.

मंगळवारी सकाळी कंडक्टरणीनं नोंदवही माझ्यापुढे टाकली. "लिहा. काल चार वाजता मुंगीनं हाक मारली. ओ दिली गेली. कुणी दिली तेही लिहा."

शिवणमावशी दोरा दातानं तोडत म्हणाली, "कंडक्टरीणबाई, मग आठ दिवस कोणी घरी बसायचं? की कंडक्टरला तिकीट लागत नाही?"

"लागतं." कंडक्टरणीनं गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली. "तू मार आता. एकदा थांबा, दोनदा चला. उलट करू नकोस, पोरं रस्त्यात उभी राहतील."

"मी गमतीनं म्हटलं हो," शिवणमावशी गडबडली.

"मी गमतीनं नाही देत आहे."

खरी चिंता वेगळीच होती. आत्याची चार दिवसांची रजा शिल्लक होती, ती शुक्रवारी संपत होती. त्यानंतर कामावर गेली नाही तर नोकरी जाणार. आणि रविवारी तिचा मोठा भाऊ, मुंगीचा काका, येणार होता. दोन वर्षं तो एकच सांगत होता: पोरीला वसतिगृहात ठेवू, तुझं लग्न करून टाकू, किती दिवस अशी अडकून राहणार? आतापर्यंत आत्या म्हणायची, पाळणाघर आहे, माझं भागतंय. आता तेच सांगता येणार नव्हतं.

बुधवारी कंडक्टरीण तिच्या घरी गेली. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, भिंतीवर मुंगीच्या आईबापांचा फोटो. आत्यानं दार अर्धंच उघडलं.

"समजूत घालायला आल्या असाल तर..."

"समजूत घालायला नाही आले. मला आठ दिवस कामावरून काढलंय. घरी बसून गंज चढेल मला. तू रजा वाया घालवू नकोस, कामावर जा. मी पोरीकडे बघते."

"परत तुमच्याच हातात देऊ?"

"तुझ्या घरात देतेस. तुझं कुलूप, तुझी किल्ली. आणि हे बघ, गळ्यात शिट्टीसुद्धा नाही."

आत्यानं हो म्हटलं. विश्वास बसला म्हणून नाही, नाइलाज होता म्हणून. तिनं मला याच शब्दांत सांगितलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शेजारणीला फोन करून विचारत होती, आतून काही आवाज येतोय का.

कंडक्टरणीला त्या घरात एक गोष्ट कळली, जी पाळणाघरात दोन वर्षांत कळली नव्हती. सकाळी आत्या आंघोळीला गेली की मुंगी तिच्या कपाटाचा खण उघडायची, आतून एक वस्तू उचलायची आणि मूठ बंद करायची. ती सेफ्टी पिन आत्याची होती. तो चंदेरी तुकडा आत्याच्या कामाच्या पिशवीतला. चिमटा आत्याच्या केसांतला. संध्याकाळी साडेपाचला ती स्टूल ओढत खिडकीशी न्यायची आणि मूठ तशीच धरून खाली बघत बसायची. आत्या खाली रस्त्यावर दिसली की वस्तू परत खणात. शुक्रवारी कंडक्टरणीनं आत्याला हे जसंच्या तसं सांगितलं.

"आम्ही समजत होतो, सापडेल ते गोळा करते. सापडेल ते नव्हतं. सगळं तुझं होतं."

आत्या म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच वस्तू हरवतात. मीच वेंधळी."

शनिवारी संध्याकाळी आत्या नुकतीच येऊन चप्पल काढत होती. दुसऱ्या दिवशी भाऊ यायचा होता, त्याचं टेन्शन चेहऱ्यावर दिसत होतं. कंडक्टरीण निघायच्या तयारीत, पिशवी खांद्याला. तेवढ्यात आतून हाक आली.

"आई, झालं!"

कंडक्टरीण मटकन स्टुलावर बसली आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"आई! झालं!"

"तुम्हाला बोलावतेय ती," आत्या म्हणाली.

"मला नाही. सहा वाजून गेले. माझी ड्यूटी संपली."

"मी आत्या आहे. पहिल्या दिवसापासून मी तिला सांगितलंय, आई एकच असते, ती गेली. मी वहिनीची जागा कशी घेऊ?"

"जागा घ्यायला कोण सांगतंय? ती धुवायला बोलावतेय."

आत तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज झाला. "आईऽऽ!"

"हे बघ पोरी," कंडक्टरीण म्हणाली, "आम्ही ओ देत नाही, कारण आम्ही सहाला घरी जातो. तू कुठे जातेस?"

आत्यानं फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओ." ते इतकं हळू होतं की स्टुलावर बसलेल्या कंडक्टरणीलाच कसंबसं ऐकू आलं. मग घसा खाकरून मोठ्यानं, "ओ! आले!"

"किती वेळ लावतेस गं!" आतून मुंगी म्हणाली.

कंडक्टरीण पिशवी सावरत जिना उतरली. ती म्हणते, तळव्यांना नंतर बराच वेळ मुंग्या येत होत्या.

रविवारी काका आला, जेवला आणि एकटाच परत गेला. आत्या त्याला काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. शिक्षेचे उरलेले दोन दिवस कंडक्टरणीनं आत्याच्या घरीच काढले. बुधवारी दोघी एकदमच पाळणाघरात आल्या, ती आणि मुंगी, एकमेकींचं बोट धरून. शिवणमावशीनं शिट्टी परत केली, म्हणाली, "घ्या बाई तुमची. आठ दिवसांत माझे गाल दुखले."

मी नोंदवही उघडली. मुंगी. आली नऊला. ताप नाही. मूठ रिकामी. शेवटच्या रकान्यात संध्याकाळी कोण नेणार ते लिहायचं असतं. माझा हात थबकला, तसं कंडक्टरणीनं मागून डोकावून पाहिलं.

"थांबलात काय? आत्या लिहा. घरातली हाक घरात."

मी आत्या लिहिलं. संडासातून माझ्या मुलीनं हाक मारली. मी उठले, दाराशी गेले, आणि अगदी हळू ओ दिली.