माझा कॅन्सर, सुमनच्या नावावर

मी माझ्या बायकोवर, सुमनवर, अन्याय केला. मला झालेला स्तनाचा कॅन्सर दोन वर्षं गावात तिच्या नावावर खपवला.

मी मुरबाडकडचा म्हशींचा व्यापारी. एका भाकड म्हशीपासून धंदा सुरू केला आणि भांडून, घासाघीस करून वाढवला. म्हशीच्या कासेतली वाटाण्याएवढी गाठ माझ्या बोटांना कळते आणि तिच्यावर मी भाव पाडतो. माझ्याच डाव्या स्तनाग्राखालची गाठ मात्र आठ महिने बनियनखाली दडवली.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. "इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा." म्हणजे स्तनातल्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरू लागलेला कॅन्सर. मी टेबलावर हात आपटला.

"रिपोर्टची अदलाबदल झालीय, बाई. मी बाप्या माणूस आहे."

त्या म्हणाल्या, "पुरुषांच्याही छातीत ते ऊतक असतं. फार थोड्यांना होतो, पण होतो. तुम्ही उशीर केलात."

खरं तर खोटं त्याआधीच सुरू झालं होतं. मॅमोग्राफी, म्हणजे स्तन दोन सपाट प्लेटांमध्ये दाबून काढायचा एक्स-रे. बाकावर सगळ्या बायका. मदतनीस बाई मला म्हणाली, "काका, पेशंटला पुढं पाठवा, तुमी बाहेर थांबा." मी सुमनकडे बोट केलं. ती मुकाट्यानं उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून माझ्याकडे बघत उभी राहिली. आत शेवटी मलाच जावं लागलं.

परत येताना गाडीत मी तिला म्हणालो, "कोणी विचारलं तर तुझंच दुखणं सांग. बाजारात माझं हसं होईल."

"सांगते. तुमी बरं व्हा," एवढंच ती बोलली. सौदा स्वस्तात पडला, असं मला तेव्हा वाटलं.

ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढून तपासल्या. गावात सांगितलं, सुमनवर कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि त्याच खेपेत माझा हर्निया उरकला.

पुढचा रिपोर्ट 'ईआर पॉझिटिव्ह' आला. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. इस्ट्रोजेनला मी बायकांचं हार्मोन समजत होतो. ते पुरुषाच्या अंगातही थोडं बनतं, आपली हाडं मजबूत राहायला लागतं. पेशीच्या आत त्याला धरून घेणारं प्रथिन असतं, तो रिसेप्टर. इस्ट्रोजेन त्याच्यावर येऊन बसलं की पेशीला कामाचा हुकूम मिळतो. निरोगी शरीरात हे मापात चालतं. माझ्या कॅन्सरच्या पेशी त्याच हुकमावर वाढत होत्या.

टॅमॉक्सिफेनची गोळी काय करते, ते मला बाजारामुळे समजलं. आमच्याकडे भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. विकणाऱ्याचा हात एकानं धरला की दुसऱ्याला तो धरता येत नाही. ही गोळी स्तनाच्या पेशीत रिसेप्टरचा हात धरून बसते आणि बोट दाबत नाही. खरं गिऱ्हाईक बाहेर ताटकळतं, वाढीचा सौदा होत नाही. गोळीनं अंगातून एकाएकी वाफा निघतात, घाम फुटतो. चिडचिडही होते म्हणतात, पण ती माझी मूळचीच.

गोळी रोज, कित्येक वर्षं घ्यायची. माझ्या मुलीला, दर्शनालाही आईचंच दुखणं सांगितलं होतं; ती सकाळी गोळी आईच्या हातावर ठेवायची. सुमन ती मुठीत धरून गोठ्यात यायची आणि मला द्यायची. दोन वर्षं हे असं चाललं.

चैत्रात आळीतल्या बायका एकमेकींकडे पापड लाटायला जातात. सुमनला बोलावणं बंद झालं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "तू पडून ऱ्हा गो. तुझा हात लागला तर पोरं खायाची नायत." दर्शनासाठी आटगावचं स्थळ आलं होतं. 'आईचं दुखणं पोरीत उतरतं' म्हणून तेही फिरलं. मी मध्यस्थाची गचांडी धरली, पण खरं बोललो नाही.

याहून वाईट पुढे आहे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वर्षी माझी जनुक तपासणी केली होती. 'बीआरसीए-टू' या जनुकात दोष निघाला. त्यानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बापाकडून मुलीत जाऊ शकतो. "मुलीला घेऊन या," त्या दर खेपेला सांगायच्या. मी दर खेपेला "पुढच्या वेळी" म्हणायचो. यंदा त्यांनी फाइल मिटली. "तुमच्या लाजेपायी तिच्यातली गाठ वाढायची वाट बघताय का?"

घरी येऊन मी दर्शनासमोर शर्ट काढला.

तिनं व्रण पाहिला. मग म्हणाली, "आणि मी आईवर खेकसायचे, गोळी चुकवते म्हणून. बाबा, आईनं तुमचं काय वाईट केलं होतं?"

दर्शनाची तपासणी झाली. दोष तिच्यातही आहे. हा आजार नाही, धोका आहे. नेमानं तपासत राहिलं तर गाठ लहान असतानाच सापडते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सध्या तिला काही नाही. त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. पुरुषांनो, छातीत गाठ लागली तर शर्ट काढा, डॉक्टरला दाखवा. लाजेनं मरण लांबत नाही.

परवा बाजारात मी चारचौघांत खरं सांगितलं. एक जण हसला. "मग दूध किती देतोस रे?" मी हात उगारला नाही. घरी येऊन सुमनला म्हणालो, "चल, शेजारणीला जाब विचारू."

ती तांदूळ निवडत होती. "तिला कशाला? तिला खोटं तुमीच सांगितलं. मला वाळीत टाकलेलं तुमाला रोज दिसत होतं. तरी गप का ऱ्हायलात, ते सांगा."

मी म्हशींना पाणी दाखवायचं निमित्त करून उठलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांकडूनच जाब घेतला. हा जाब माझ्याकडे निघतो. सुमन, तुझ्या माहेरच्यांना बोलाव, आळीतल्या बायकांना बोलाव, दर्शनाला पुढे बसव, आणि सगळ्यांसमोर मला हेच पुन्हा विचार. मी चिडेन, विषय बदलेन, उठून जायला बघेन. उत्तर घेतल्याशिवाय मला उठू देऊ नकोस.