पाटावरचा मदरबोर्ड

"साहब को साथ लेके आओ ना, मॅडम." मीरा रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला तो माणूस माझ्या हातातल्या यादीकडे न बघताच हे म्हणाला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब म्हणजे माझा नवरा. त्याला टीव्हीचा रिमोट वेळेवर सापडला तरी आमच्याकडे आनंद होतो. मी म्हटलं, साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही, यादी मी केलीय, काय विचारायचं ते मला विचारा. तो हसला. फळीवर रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारा एक तयार कॉम्प्युटर होता, तो दाखवून म्हणाला, हा घ्या, मुलं खूश होतील.

मला मुलांना खूश करायचंच नव्हतं. मी स्वयंपाकघरं आखते. ओटा कुठे, सिंक कुठे, कपाटाचं दार उघडलं की फ्रिजवर आपटेल का, हे सगळं कॉम्प्युटरवर खऱ्यासारखं उभं करून दाखवायचं, हे माझं वीस वर्षांचं काम. मालकाने ऑफिस गुंडाळलं आणि मी घरी आले. घरचा लॅपटॉप इतका जुना की ओट्यावरची एक चिमणी काढली की धापा टाकत बसायचा. तेवढ्यात नया नगरच्या एका कॉन्ट्रॅक्टरने निरोप दिला. एका सॅम्पल फ्लॅटचं किचन दसऱ्यानंतर दोन दिवसांत करून दाखवा, आवडलं तर पुढच्या चार बिल्डिंगांचं काम तुमचं. नाही जमलं तर दुसरे रांगेत आहेतच, असंही बोलला.

आम्ही जवळच मोरवा गावात राहतो. माझं माहेर लालबागचं, पण सासरचे इथले पिढीजात, मिठागरवाले. आता मिठागर नाही, जुन्या घराच्या जागी तीन मजली घर आहे आणि वरच्या मजल्यावर माझे मोठे दीर राहतात. त्यांनी ऐकलं की मी सुटे भाग आणून कॉम्प्युटर स्वतः जोडणार आहे. आधी म्हणाले, तयार घे, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. मग जिना चढताना मागे वळून म्हणाले, "आणि नाहीच काम केलंस तरी तुला कोण काय बोलणारे? बस की आता घरात आरामात." ते भांडले असते तर मीही भांडून घेतलं असतं. ते प्रेमाने बोलले, म्हणून जास्त लागलं. त्याच क्षणी मी ठरवलं, जोडणार तर मीच.

लोकांना वाटतं हे फार अवघड शास्त्र आहे. अहो, काही नाही. कोण कोणाशी जमवून घेतं एवढंच बघायचं. प्रोसेसर ठरला की मदरबोर्ड त्याच सॉकेटचा, म्हणजे त्याच खोबणीचा लागतो, दुसऱ्यात तो बसतच नाही. रॅमच्या पट्टीला खालून एक खाच असते, ती पिढीगणिक सरकलेली असते, त्यामुळे जुनी पट्टी नव्या बोर्डात जात नाही. सगळ्यांना मिळून किती वीज लागेल याची बेरीज करायची आणि पॉवर सप्लाय त्याहून दांडगा घ्यायचा. आणि मोठं ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, पोटात मावेल की नाही ते मोजायचं. मी वीस वर्षं दुसरं काय केलं? भिंत कागदावर दहा फूट असते आणि टाइल्स लागल्या की दोन बोटं कमी होते, हे मला कोणी शिकवायला नको.

तर दुसऱ्या खेपेला मी त्या दुकानात पुठ्ठा घेऊन गेले. सिंकसाठी ओटा कापण्याआधी आम्ही पुठ्ठा कापून ठेवून बघतो, तसाच मी ग्राफिक्स कार्डाच्या मापाचा पुठ्ठा कापला होता. दुकानदार म्हणत होता की यादीतलं कॅबिनेट सोडा, हे दिव्यांचं घ्या, सब कुछ आता है इसमें. मी बाजूची काच काढायला लावली आणि पुठ्ठा आत धरला. पुढच्या पंख्यांवर तो अडला. चांगली दोन बोटं बाहेर. तिथे उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने आपल्या हातातला तसलाच डबा हळूच खाली ठेवला. दुकानदाराने मग मुकाट्याने यादी हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

सामान घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुजतात आणि दिवसभर कोणी त्यांना हात लावत नाही. दसऱ्याला सकाळी नमस्कार करून उचलायची. मिठागर गेलं तरी सासूबाईंनी कोयता, फावडं आणि त्या स्वतः डोक्यावरून मीठ वाहायच्या ती पाटी जपून ठेवलीय. दिरांचा गाडीचा पान्हाही तिथे असतो, नवऱ्याचं ऑफिसचं आयकार्डसुद्धा. माझं त्यात कधी काही नसायचं आणि खरं सांगते, मलाही ते कधी खटकलं नव्हतं.

मी त्या सॅम्पल फ्लॅटचं माप घ्यायला गेले होते. परत येऊन बघते तर पाटावर, कोयता आणि पाटीच्या मधोमध, माझा मदरबोर्ड! खोका उघडून, पिशवीतून काढून, छान मांडलेला. वर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "आई, अहो हे काय केलंत!" असं ओरडणारच होते, पण त्या आधीच बोलल्या. "ता तुज्या कामाचा हाय ना? मंग त्याला पूजा नको?" एवढं बोलून त्या निरांजनाची वात सारखी करायला लागल्या. त्या घरात माझ्या कामाला काम म्हणणारं ते पहिलं माणूस. माझा राग कुठल्या कुठे गेला.

नशीब, प्रोसेसरच्या जागेवर प्लास्टिकचं झाकण होतं. दसऱ्याला सकाळी मी नमस्कार केला, मऊ ब्रश घेतला आणि कुंकू कणाकणाने झाडलं. अक्षता वेचल्या. मग एकेक भाग बसवत गेले. दीर चहाचा कप घेऊन मुद्दाम बघायला खाली आले होते. मी बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळाच. बोर्डवर एक पिवळा दिवा लागून राहिला.

दिरांनी लगेच दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, मॅचिंग चुकलं असणार, सगळं घेऊन या, तयार सेट देतो, और साहब को भी लाओ. दीर मला म्हणाले, "बघ. सांगत होतो ना? चल, मी येतो बरोबर, परत देऊन टाकू." कॉन्ट्रॅक्टरचे दोनच दिवस हातात होते. पण माझी यादी मला पाठ होती, आणि तीत चूक नव्हती. मी म्हटलं, "भावजी, माझं माप चुकत नाही. यातला एक स्क्रूसुद्धा परत जाणार नाही."

माहितीपुस्तकात बघितलं. पिवळा दिवा म्हणजे रॅम. वायर काढून मी रॅमची पट्टी उपसली आणि मोबाइलचा टॉर्च त्या फटीत मारला. आत, अगदी तळाशी, कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा आडवा बसला होता.

भुवया कोरायच्या चिमट्याने मी तो काढला आणि मूठ मिटली. दिरांनी विचारलं, काय होतं? दाणा दाखवला असता तर मी सुटले असते. पण मग सगळं सासूबाईंवर आलं असतं. तुला कोणी सांगितलं होतं त्यात हात घालायला, असं ते आईला म्हणाले असते, आणि त्या पुन्हा माझी कुठलीच वस्तू पाटावर मांडायला धजल्या नसत्या. मी म्हटलं, "काही नाही, रॅम नीट बसली नव्हती. माझ्याच हातून राहिलं." दीर हसून मान हलवायला लागले.

पलंगावर बसलेल्या सासूबाईंनी हाक मारली. "मूठ खोल." मी तशीच उभी राहिले. त्या उठून आल्या, माझी बोटं त्यांनीच उघडली, दाणा उचलला आणि दिरांच्या डोळ्यांपुढे धरला. "ह्यो माजा दाना हाय. तिची चूक न्हाय."

दीर कप घेऊन वर गेले. मी रॅम पुन्हा बसवली, या वेळी दोन्ही टोकांना टक् असा आवाज आला, आणि स्क्रीन उजळला. काम मी वेळेच्या अर्धा दिवस आधी पाठवलं. चारही बिल्डिंगा माझ्या झाल्या.

यंदाच्या खंडेनवमीला कॉम्प्युटर पाटावर मावणार नव्हता, म्हणून सासूबाईंनी पाटच टेबलाशी आणला. काचेवर बाहेरून कुंकवाचं बोट लावलं, अक्षता खाली पाटीत ठेवल्या. कॉन्ट्रॅक्टरला मी कळवलं की आज काम बंद. दुपारी दीर खाली आले, त्यांना कसला तरी ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख होती. ते खुर्ची ओढायला लागले तशा सासूबाई टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या. "तिचा अवजार हाय तो. उद्या ये, आन् तिला विचारून बस."