मोरीच्या चौकटीचं कुंकू

पणदऱ्याहून लग्न करून निरवांगीजवळच्या वस्तीवर आले, तेव्हा माहेरच्या एकाच गोष्टीच्या आठवणीनं मला रडू यायचं: न्हाणीघर. आई नव्हे, न्हाणीघर! सासरच्यांनी मेंढरं विकून शेती धरली होती, पण बायकांची आंघोळ अजून बिऱ्हाड पाठीवर असल्यासारखीच चालायची. तांबडं फुटायच्या आत, उभ्या केलेल्या बाजेच्या आडोशाला, अंगावरच्या साडीसकट. मला त्याचा संताप यायचा. अजून येतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला वस्तीला सरकारी घरकुलं मंजूर झाली. बारामतीहून इंजिनियरसाहेब नकाशा घेऊन आले. एक खोली, एक खिडकी, पुढं ओटा. बाप्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी विचारलं, "आन् मोरी?"

"मोरी योजनेत बसत नाही, मावशी."

"मग आमी कुठं बसायचं?"

बाप्ये हसले. सासूबाई उठल्या आणि वस्तीतल्या बायकांकडं निघाल्या.

जोती झाली, दाराच्या चौकटी आल्या. आमच्याकडं घरच्या बाईनं हळदकुंकू वाहिल्याशिवाय गवंडी चौकट उभी करत नाही. नारळ आला, गवंडी थांबला, आणि सासूबाई जागच्या हलेनात. "आदी मोरीची जागा आखा, मग कुंकू." गवंडी शेजारच्या घराकडं गेला, तर तिथंही तेच उत्तर. साऱ्या वस्तीत एकाही बाईनं करंडा उघडला नाही.

साहेब तापले. "अरे, लाव चौकट! कुंकवानं घर उभं राहतं का?"

"न्हाय साहेब," गवंडी म्हणाला. "उद्या काय इपरीत झालं तर समदे माझ्या नावानं बोटं मोडतील."

मग चुलतसासरे उठले. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. "मोरीपायी घर घालवताय व्हय गं? खोली केवढी, त्यात मोरी कुठं मावायची?"

मी नवी सून. पदर सावरला आणि बोललेच, "आबा, खोली हातभर बारकी झाली तरी चालंल. झोपताना पाय दुमडता येत्यात. आंघुळीला अब्रू दुमडता येत न्हाय."

नवरा मान खाली घालून बसला. मला जराही वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी काम बंदच राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नकाशाची घडी करून खिशात घातली आणि गवंड्याला म्हणाले, "आख बाबा, त्यांना हवी तिथं."

मोरीलाही चौकट आली, तेव्हा सासूबाईंनी करंडा उघडला आणि पहिलं कुंकू घराच्या दाराआधी मोरीच्या चौकटीला लावलं. आबा ओरडले, "बाटवलं की समदं!" सासूबाईंनी कुंकवाचं आणखी एक बोट ओढलं.

घर झालं तसं, भर दुपारी, सगळे ओट्यावर बसलेले असताना मी मोरीची कडी लावली. साडी खुंटीला टांगली. डोक्यावरून पाणी घेतलं.

"ही काय आंघुळीची येळ हाय व्हय?" बाहेरून आबांचा आवाज आला.

"व्हय!" मी आतून ओरडले, आणि दुसरा तांब्या ओतला.