मालकांची रंगीत तालीम

मी मालकांची वकील. कामगार न्यायालयात नेण्याआधी प्रत्येक मालकाची मी सदर भागातल्या माझ्या ऑफिसात रंगीत तालीम घेते. त्यांना स्टुलावर बसवायचं आणि आपण कामगाराच्या वकिलाचं सोंग घ्यायचं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज खर्जात. हा प्रयोग मला फार आवडतो, कशाला लपवू?

त्या मे महिन्यात स्टुलावर होते खापरखेड्याजवळचे एक कारखानदार, राखेच्या विटा करणारे. मशीनवरच्या जुन्या कामगाराला त्यांनी भर गेटवर, सगळ्यांदेखत, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ना आरोपपत्र, ना चौकशी. तो कोर्टात गेला होता आणि यांना जिंकायचं होतं. कामगार उद्धट आहे, मुद्दाम मशीन बंद ठेवतो, असं बरंच पाठ करून आले होते.

मी चष्मा खाली ओढला. मशीन बंद ठेवल्याची नोटीस कधी दिली? दिलीच नव्हती. साक्षीदार कोण? तोही नव्हता. मग मी स्टुलाभोवती एक फेरी मारली आणि हळूच विचारलं, "मंग काहून काढलं त्याले?"

"व्याही कारखाना पाहाले आले होते, मॅडम. त्याईच्यासमोर हा म्हणते, मालक, पाहुण्याले मशीनपाशी नका आणू, पंखा बंद हाय, चक्कर येईन. सारे हासले."

"व्याहीबी?"

"व्याहीच पहिले हासले."

मी चष्मा वर केला. म्हटलं, जे मला सांगितलंत तेच कोर्टात तोंडून निघणार. त्याला परत घ्या, आणि जिथून काढलं तिथंच, सगळ्यांसमोर घ्या. ते ताडकन उठले. कामगारापुढे नमायचं असेल तर वकील कशाला, दुसरा पाहतो, म्हणाले. खुशाल पाहा म्हणत मी फाईल त्यांच्याकडे सरकवली. खोटी साक्ष मी शिकवत नाही, आणि हरणारी तर मुळीच नाही. दारात त्यांनी चपला घातल्या, जरा थांबले आणि पाठमोरेच विचारते झाले, गेटवर तुम्ही याल का?

असा प्रयोग मी सोडते होय?

समोरच्या वकिलाशी तडजोड झाली आणि एका सकाळी सगळे गेटवर जमले. कामगार हात मागे बांधून उभा. मी घोटून घेतलेली सगळी वाक्यं मालक विसरले. त्यांनी घसा खाकरला.

"ये गा. पंखा लावला."

तो मशीनपाशी गेला, आम्ही सगळे मागोमाग. त्यानं पंख्याचं बटण दाबलं, बराच वेळ वर पाहत राहिला.

"फिरून राहिला," त्यानं जाहीर केलं. "आता आणा व्याह्याले."

मालक सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले.