अक्काताईची उलटी बस

मी परशराम. सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, त्यामुळं गाव मला अजून गुरुजीच म्हणतं. पिरनवाडीच्या पुढं, मोठा रस्ता सोडून सहा किलोमीटर आत आमचं गाव. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कुणीतरी वाचेल आणि आमच्या बाजूनं भांडायला निघेल, आणि आता भांडायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पोरांनी बेळगावच्या हायस्कुलात जायचं.

आमच्याकडं निरोप समारंभ मार्चमध्ये होत नाही. जूनमध्ये पोरं दाखले न्यायला येतात, त्याच दिवशी हार, चहा, भाषणं सगळं उरकून घेतो. दरवर्षी मी उपदेश करायचो. मन लावून अभ्यास करा, थोरांचा मान राखा, शाळेचं नाव काढा. सव्वीस वर्षं तेच भाषण, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पोरगे सायकली काढून जायचे आणि टिकायचे. पोरींपैकी निम्म्या दिवाळीपर्यंत घरी बसलेल्या असायच्या. मी म्हणायचो, पोरींना गोडीच नाही शिक्षणाची, आपण तरी काय करणार? असं म्हणून निवांत झोपत होतो, आता काय सांगू.

अक्काताई मी शिकवलेल्या अगदी पहिल्या सातवीतली. गणितात अशी होती की फळ्यावर उदाहरण लिहून मी खडू खाली ठेवेपर्यंत हिचं उत्तर तयार. आठवीला गेली आणि चार महिन्यांत घरी बसली. तिचे वडील मला विचारायला आले होते. मी म्हटलं, "मन लागत नसेल तर कशाला ओढाताण? बसवा घरी." मग लग्न झालं, तेही गावातच, भरमूअण्णांच्या मुलाशी. आता ती बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला जाते. ओतकामाच्या साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करते. एक गाभा जरी वाकडा निघाला तरी अख्खं ओतकाम भंगारात जातं, त्यामुळं तिची नजर बारीक आणि जीभ त्याहून तिखट.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच निवृत्त झालो होतो, पण समारंभाला मला बोलावलं होतंच. सरकारनं बायकांना बस फुकट करून चार-पाच दिवस झाले होते. त्या वर्षी आठवीला जाणाऱ्या पोरी सात. त्यात अक्काताईची दिपाली. भरमूअण्णांनी आदल्या दिवशी पारावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "एक म्हैना बघतो. पोरगीला दोनदा जरी उशीर झाला, की शाळेतनं नाव काढणार." आणि अण्णांनी नाव काढलं की बाकीच्या सहा घरांतही काढणार, हे गावात कुणाला सांगायला नको होतं. त्यांच्या गल्लीत सगळे अण्णांच्याच तोंडाकडं बघून चालतात.

समारंभाचे प्रमुख पाहुणे आले नाहीत. त्यांना त्या दिवशी तीन गावांत हार घालून घ्यायचे होते. मी उगाच इकडंतिकडं बघत म्हटलं, पालकांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का? म्हणजे ही विचारायची पद्धत असते, कुणी उठत नसतं. अक्काताई उठली.

"पोरींनो, मी काय शिकल्याली बाई न्हाय," ती म्हणाली. आमच्याकडं बायाही 'गेलो', 'सांगतो' असंच बोलतात. "चार म्हैनं हायस्कुलात गेलतो, तेवढंच. पण त्या चार म्हैन्यांत जे कळलं, ते मला आधी कुणी सांगिटलं न्हवतं. म्हणून सांगतो. पयल्या दिवशी गेल्या गेल्या संडास कुठं हाय ते बघून ठेवा."

पोरं फिसकन हसली.

"हसू नगासा! मी न्हाय बघिटलं, इचारायची लाज वाटली. दिवसभर पाणी प्यायचंच सोडून दिलं. आठ दिवसांत पोटात दुखाय लागलं. आन् पाळी आली तर मॅडमला सांगायचं, चार दिवस घरात बसायचं न्हाय. चार दिवसांत गणिताचा एक धडा निघून जातोय, तो काय तुमच्यासाठी परत येत न्हाय."

मी खाली मान घालून पायातल्या चपलांकडं बघायला लागलो. सव्वीस वर्षांत त्या शाळेत असं कुणी बोललं नव्हतं.

"पयल्या चाचणीत मार्क पडणार न्हाईत," ती पुढं म्हणाली. "हितं पयली येणारी पोरगी तिथं तिसावी येती. त्यात रडायचं काय न्हाय. पेपर घरात दाखवा, चुलीत घालू नगा. कन्नडच्या तासाला मागच्या बाकावर दडून बसू नगा. बाजारात घडाघडा बोलतासा आन् वहीवर चार अक्षरं उमटत न्हाईत, ह्यो काय परकार? पुढं बसा. कळलं न्हाय तर हात वर करा. हसतील. हसू द्यात, दात त्यांचंच दिसत्यात. आन् शेवटचं म्हणजे बस."

बस म्हटल्याबरोबर सगळी सावरून बसली.

आमच्या गावाला सकाळची एकच बस. पावणेआठला ती बेळगावहून रिकामी येते, आमच्या गावालगतच्या फाट्यावरून पुढं तीन किलोमीटर वरच्या गावाला जाते, तिथं वळते आणि सव्वाआठला परत फाट्यावरून बेळगावला निघते. वरच्या गावात उद्यमबागेचे कामगार इतके चढतात की येताना दारात माणसं लोंबकळत असतात. मग फाट्यावर ती थांबत नाही. पोरी हात करतात, ड्रायव्हर पलीकडं बघतो, झालं.

म्हणाल, गावानं काहीच केलं नाही? केलं की. अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, यावर दोन वर्षं वाद घातला. मराठीतच द्यायचा, म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मी. मराठीत दिला, तो ऑफिसात पडून राहिला. मग दुसऱ्या पार्टीनं कन्नडमध्ये लिहिला, तर त्यावर आम्ही सह्याच केल्या नाहीत. आमचा स्वाभिमान शाबूत राहिला आणि पोरी फाट्यावर उभ्या राहिल्या.

"गुरुजी," अक्काताई थेट माझ्याकडं बघून म्हणाली, "माझं मन लागत न्हवतं आसं तुमी माझ्या आप्पांना सांगिटलासा. मन लई लागत हुतं. बस थांबत न्हवती. मोठ्या रस्त्यापातुर चालत जाऊन दुसरी बस धरायची, रोज दुसऱ्या तासाला पोचायचो आन् वर्गाच्या भाईर हुभी ऱ्हायाचो. पोरं खिडकीतनं बघायची. चार म्हैनं सोसलं, मग न्हाय सोसवलं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? भर सभेत मास्तराला असं बोलतात का? पण राग टिकेना. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिला एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, की पोरी, काय झालं? मी विचारलं नव्हतं. माझ्यामुळं एका हुशार पोरीची शाळा सुटली, हे मला त्या दिवशी माझ्याच शाळेत कळलं. मी उठलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्काताई, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या की वो ते आता," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी फाट्यावर या. पोरींनो, तुमीबी या. पर रस्त्याच्या हिकडच्या अंगाला न्हाय. पलीकडच्या."

सोमवारी मी गेलो. सात पोरी नव्या गणवेशात, दोन वेण्या घालून रस्त्याच्या पलीकडं, म्हणजे वरच्या गावाला जाणाऱ्या बाजूला उभ्या. अक्काताईनं महिनाभरासाठी फाउंड्रीत दुसरी पाळी मागून घेतली होती. चहाच्या टपरीवरची माणसं खो-खो हसत होती. "अगं, बेळगाव तिकडं हाय! ह्या कुठल्या हायस्कुलाला निघाल्या?" भरमूअण्णा तिथंच चहाचा ग्लास घेऊन बसले होते. ते हसले नाहीत. ते घड्याळ बघत होते.

पावणेआठला बस आली. जाताना रिकामी, त्यामुळं थांबली. आम्ही चढलो. कंडक्टर यल्लाप्पा बुचकळ्यात पडला, पण त्यानं पोरींना वरच्या गावाची फुकटची तिकिटं दिली आणि मला विकतचं.

वरच्या गावात बस वळायच्या आतच खिडक्यांतून टॉवेल आणि डब्याच्या पिशव्या आत पडायला लागल्या. जागा धरायची तिथली रीत तीच. ज्याचा टॉवेल त्याची सीट, त्यावर पुन्हा वाद नाही. पण या खेपेला सीटवर पोरी होत्या. एकीच्या मांडीवर दोन टॉवेल पडले, दिपालीच्या डोक्यावर एक. दारातून माणसं आत घुसली आणि जागच्या जागी थबकली.

"ही आमच्या गावची बस हाय!" एक जण ओरडला. यल्लाप्पाही ओरडू लागला, "इळीरी, इळीरी! गाडी हितंपर्यंतच. उतरा सगळ्या!"

पोरी अक्काताईकडं बघू लागल्या. दोघी तर अर्ध्या उठल्यासुद्धा. आत्ता उतरल्या तर गर्दीत पुन्हा चढता येणार नाही, तीन किलोमीटर चालत यायचं, पहिल्याच दिवशी उशीर, आणि खाली टपरीवर भरमूअण्णा घड्याळ धरून बसलेले.

"बसा खाली," अक्काताई म्हणाली. मग तिनं यल्लाप्पाला कन्नडमध्येच ऐकवलं. वरच्या गावची तिकिटं संपली ना? बरं. फुकट तिकिटाला लागतात ती ही आमची आधार कार्डं. आता हितनं बेळगावची नवी तिकिटं फाड. रिकामी सीट धरून बसलेल्या माणसाला तिकीट द्यायचं नाही, असा नियम कुठं लिहिलाय तो दाखव, मी उतरते. यल्लाप्पानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मलाही एक बेळगाव." त्यानं कपाळावर हात मारला आणि मशीन काढलं.

राहिले कामगार. अक्काताईनं एकेक टॉवेल उचलला, नीट घडी घातली आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. निम्मे तिच्या ओळखीचे, उद्यमबागेत रोज दिसणारे. "भावकू, तुझी पोरगी कितवीला रं?" तिनं पहिल्याच ओरडणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, आठवीला जायची होती. "मग कुठं हाय ती? ह्या बसमधी तुमच्या गावची एक तरी पोरगी हाय का? एवढी तुमची बस, आन् तुमच्याच पोरी घरात!"

भावकूनं टॉवेल खांद्यावर टाकला आणि दांडीला धरून उभा राहिला. मागं कुणीतरी पुटपुटलं, तेवढंच.

बस निघाली. आमच्या फाट्यावर ती त्या दिवशीही थांबली नाही, कधी थांबत होती म्हणा! पण खिडकीतून दिपाली ओरडली, "आजोबा!" आणि भरमूअण्णा चहाचा ग्लास तसाच बाकावर ठेवून उभे राहिले. गाडी वळणाआड होईपर्यंत ते हात हलवत होते. मी शेजारी बसलेल्या अक्काताईकडं बघितलं. ती पदरानं तोंड पुसत होती. घाम आलाय म्हणाली. मला काही तो घाम वाटला नाही.

हायस्कुलाचं फाटक त्या दिवशी अजून उघडलंही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात भावकूची रचना बसमध्ये दिसली. मग तिच्याबरोबर आणखी दोघी. दिवाळी आली, सात पोरींपैकी एकही घरी बसली नाही. पहिल्या चाचणीत दिपालीला गणितात पंचवीसपैकी नऊ मार्क पडले, तिनं पेपर आणून आजोबांच्या हातात दिला. अण्णांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "आजून एक म्हैना बघतो." हे वाक्य ते पुढं पावणेतीन वर्षं दर महिन्याला म्हणत राहिले. घरात कुणी मनावर घेईना, पण त्यांच्या शब्दाला मान हवा म्हणून सगळे हो हो म्हणायचे.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. यंदा दहावीला सातच्या सात बसल्या. सहा पास झाल्या. एकीचं गणित राहिलं, ते तिनं पुढच्या परीक्षेत काढलं. दिपालीला गणितात ब्याण्णव. पण मला विचाराल तर निकालाच्या दिवसापेक्षा पहिल्या पेपरचा दिवस मोठा होता.

त्या सकाळी पोरी नेहमीसारख्या पावणेआठच्या बसनं वर गेल्या. रचना नंतर सांगत होती, वरच्या गावात त्या दिवशी एकही टॉवेल आत पडला नाही. इकडं फाट्यावर आम्ही सगळे जमलेलो. सात आया, आज्या, भरमूअण्णा, मी. बस थांबणार नाही हे माहीत होतंच. जाता जाता पोरींचं तोंड दिसलं तरी पुरे, एवढंच मनात होतं.

सव्वाआठला बस आली. आणि ती हळू व्हायला लागली. कुणी हात केला नव्हता. ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी बाजूला घेतली आणि फाट्यावर, आमच्या पुढ्यात उभी केली. माणसं दारात लोंबकळत होती, कुणीही कुरकुरलं नाही. यल्लाप्पा खिडकीतून म्हणाला, "लवकर आटपा रीऽ!"

मग काय विचारता! सात आया खिडक्यांवर तुटून पडल्या. कुणी दहीसाखर हातावर घालतंय, कुणी गालावरून हात फिरवून बोटं मोडतंय, कुणी पेन घेतलं का म्हणून तिसऱ्यांदा विचारतंय. भरमूअण्णांनी चिमूटभर साखर दिपालीच्या तोंडात घातली. मी तर सरळ रडलो, लपवलं नाही.

या सगळ्या गोंधळात एकटी अक्काताई मागं उभी होती. कमरेवर हात, डोळे घड्याळावर. मिनिट झालं, दीड झालं, आणि तिचा धीर सुटला. बाया दूर सारत ती बसच्या पुढ्यात गेली आणि ड्रायव्हरवर ओरडली, "आवं, किती येळ थांबतासा! सोडा की गाडी, पोरींचा पेपर हाय!"

पेपरला अजून पावणेदोन तास होते. पण तिला सांगायची माझी छाती झाली नाही. यल्लाप्पानं दोनदा घंटी दिली आणि आमच्या सातही पोरी घेऊन बस बेळगावला निघाली.