बॉक्सवरची इस्त्री

या सुरत शहराला कापडापलीकडचं काही कळत नाही, हे माझं मत जुनंच आहे. पर्वत पाटिया नाक्यावरच्या हमालाने ते फक्त पक्कं केलं. माझा गिटारचा ॲम्प्लिफायर टेम्पोतून उतरवायला सांगितला, तर या गृहस्थाने सवयीने कमरेचा आकडा काढला आणि कापडाच्या गाठीला मारतात तसा बॉक्सला मारला. बाजूचं काळं रेक्झीन वीतभर फाटलं, आतला प्लाय दिसू लागला. वर मलाच म्हणतो, "पॅकिंग कच्चा है, भाई."

मी लग्नांतून गिटार वाजवतो. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकाला सुरातलं शष्प कळत नाही, पण फोटोत काय दिसतं ते बरोबर कळतं. माझी एखादी तार महिनाभर बेसूर राहिली तरी त्याला पत्ता लागणार नाही. फाटका बॉक्स मात्र त्याने दुरून हेरला. "रविवारे मोटी पार्टी छे. आवो फाटेलो डब्बो स्टेज पर नहीं चाले," म्हणाला. नाही जमलं तर गिटारचे तुकडे कीबोर्डवाला वाजवेल, तू घरी बस. आणि एकदा कीबोर्डवर भागलं, की मला पुन्हा कोण बोलावणार होतं?

बमरोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षाच्या सीटा शिवणारा एक जण आहे. त्याच्याकडे जांभळं, सोनेरी, चमकीचं, सगळं रेक्झीन होतं. साधं काळं मागितलं तेव्हा त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. शेवटी कुठल्याशा ढिगाखालून एक तुकडा निघाला, एका बाजूला जेमतेम पुरेल एवढा.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. कोपऱ्यांचे पत्रे काढले, फाटकं रेक्झीन सोललं, जुना गोंद खरवडला, प्लायवर पॉलिश पेपर मारला. दोन्हीकडे चिकटवायचं सोल्युशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबलो. मग मधून कडेकडे दाबत रेक्झीन बसवलं. कोपऱ्याजवळ दोन सळ राहिले. तिथे बारीक काप देऊन रेक्झीन मागे वळवायचं असतं. त्याला धीर लागतो, आणि तो आमच्या घरात कुणाकडेच नाही.

तेवढ्यात मोठा भाऊ रात्रपाळी करून आला. पलसाण्याच्या मिलमध्ये तो ज्या मशीनवर असतो, तिथे रंगवलेलं ओलं कापड दोन्ही काठांना धरून गरम हवेतून ताणत नेतात. दुसऱ्या टोकाला ते सरळ होऊन निघतं. इतकी वर्षं ते बघून त्याची समजूत झाली आहे की जगातली कुठलीही वस्तू गरम केली की ऐकते.

"सळ काढानं काम मन्हं शे," तो म्हणाला. "तू सरक."

मी सरकलो. मूर्ख मीही काही कमी नाही. त्याने इस्त्री आणली, कोपऱ्यावर ओला रुमाल टाकला आणि मोठ्या ऐटीत दाब दिला. रेक्झीन आक्रसलं, घाण वास सुटला, रुमाल चिकटून बसला. ओढून काढला तर बॉक्सवर इस्त्रीच्या नाकाचा भाजका, चकचकीत डाग.

"आख्खा जलम चिंध्या वढ्यात तू," मी ओरडलो. "तुले दुसरं काय येस?"

रेक्झीनला चिकटलेले रुमालाचे धागे त्याने एकेक करून काढले, इस्त्रीची पिन काढली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. इतक्या दिवसांचं हमालाला, मालकाला, सगळ्या सुरतेला सुनवायचं होतं, ते त्याला सुनवलं.

नवं रेक्झीन आणावं म्हटलं, तर रविवारी सीटवाल्याचं दुकान बंद. संध्याकाळी मी तो डागाळलेला बॉक्स उचलायला वाकलो, तर भाऊ उठून आला आणि त्याने तो उचलला. एरवीही तोच उचलतो. वाजवणाऱ्याला बोटं जपावी लागतात, हे मीच त्याला कधीकाळी पटवून दिलं होतं. हमाल केला तो फक्त बॉक्स फाटला त्या दिवशी, कारण भाऊ पाळीवर होता.

हॉलच्या दारात मालक उभा होता. भावाने भाजलेली बाजू आपल्या छातीशी घट्ट धरली आणि त्याच्यासमोरून बॉक्स थेट स्टेजवर नेला. मालकाला डाग दिसला नाही.

मग मंडपवाले आले. खुर्च्या, खांब, माईकचे स्टँड, जे दिसेल त्याला ते मोतिया रंगाचं कापड गुंडाळत होते. माझ्या बॉक्सलाही त्यांनी वरपासून खालपर्यंत झालर लावली, टाचण्या मारल्या. आवाज बाहेर यायची जाळीसुद्धा झाकली. मालक खूश होऊन म्हणाला, "हवे मस्त लागे छे." फाटलेलं, भाजलेलं, सगळं सारखंच झालं. बॉक्स तसाच फाटका आणला असता तरी चाललं असतं.

मी गिटारची पिन लावायला वाकलो तेव्हा भाऊ स्टेजखाली उभा होता. झोप नसल्याने त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने हात पुढे केला आणि बॉक्सवरच्या कापडाचा एक सळ तळहाताने हळूच सरळ केला.

"आते बरोबर शे का?" त्याने मला विचारलं.

मी नुसती मान हलवली.