दुपट्यातले काकासाहेब

माझ्या आत्याला कुणी गरीब गाय म्हणालं की मला हसूच येतं. राजवाड्यात दाई होती ती. डूख धरावा तर तिनेच!

तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, तिथेच गाडीवान. राजाच्या नातवाने घोड्यांच्या साजाच्या चांदीच्या कड्या विकून पैसे जुगारात उडवले आणि आळ घेतला आतोबांवर. भर अंगणात चोर म्हणून हाकललं, आत्याला मात्र कामावर ठेवलं. सगळ्या तबेल्याला खरं माहीत होतं, पण बोलणार कोण? तेव्हापासून आतोबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आत्याला एकच ध्यास लागला, त्या मिशाळ मेल्याच्या तोंडून चारचौघांत खरं वदवायचं.

म्हातारा राजाच तिला पावला. ऐन सत्तरीत त्याने तिसरं लग्न केलं आणि मुलगा झाला. पंचविशीच्या नातवाला दुपट्यातला काका! तिथली शिस्त कडक. सकाळी दिवाणखान्यात नात्याने मोठा असेल त्याच्यापुढे गुडघे टेकायचे आणि तो ‘ऊठ’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. काकासाहेब आत्याच्या मांडीवर, म्हणजे नातू रोज आत्यापुढे. बाळाच्या वतीने ‘ऊठ’ तीच म्हणायची, तेही आधी त्याची लाळ पुसून, टोपरं सारखं करून. गादी कुणाला द्यायची हे म्हाताऱ्याने अजून सांगितलं नव्हतं, मग आपणहून उठायची नातवाची काय बिशाद!

बाळ बोबडं बोलायला लागलं तसं राजाने फर्मावलं, “आता काकाच म्हणेल. दाईने म्हणायचं नाही.”

आत्याने पोराला काऊ शिकवला, चिऊ शिकवली. ‘ऊठ’ तेवढं शिकवलं नाही. काय डोकं बाईचं!

दिवाणखाना पाहुण्यांनी भरलेला. नातू गुडघ्यांवर. काकासाहेब म्हणाले, “काऊ.” लोक खुदुखुदु हसले. राजाही हसला, पण नियम काही मोडेना. नातवाचे पाय भरून आले, तोंड लालबुंद झालं. शेवटी दातओठ खात तो आत्याला पुटपुटला, “अगं, शिकव ना त्याला!”

“शिकवते की. आधी कड्या कुणी विकल्या ते सांगा.”

“मी.”

“काकासाहेबांना ऐकू नाही आलं.”

“मी विकल्या! गाडीवान चोर नव्हता!”

राजाचं हसू कुठल्या कुठे पळालं. आत्याने बाळाला कडेवर घेतलं, “यांची दुधाची वेळ झाली,” म्हणाली आणि सरळ आत निघून गेली.

घरी येऊन तिने दार सताड उघडं टाकलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आतोबांना सगळं सांगितलं. आतोबा उठून बसले.

“आणि तो?”

“असेल अजून गुडघ्यांवर. मला काय करायचंय!”